बीएमआय एकच, चरबी दुप्पट : मेदाच्या संप्रेरकांचा इतिहास आणि पुण्यातला प्रश्न



'लॅन्सेट'च्या १० जानेवारी २००४ च्या अंकात पान १६३ वर एक छोटासा फोटो आहे. दोन मध्यमवयीन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. वय साधारण सारखं. बीएमआय तर दशांशापर्यंत सारखा, २२.३. तक्त्यात पाहिलं तर दोघंही 'नॉर्मल'. पण डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. सोबतच्या मजकुरात त्यांनी गमतीने हेही सांगितलंय की दोघांपैकी एक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव दिलं.

आजचा लेख या फोटोच्या मागच्या आणि पुढच्या इतिहासावर आहे. लठ्ठपणात मेदऊतीतून, म्हणजे चरबीच्या ऊतीतून, निघणारी संप्रेरकं हृदयावर काय परिणाम करतात हा विषय एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये आणि पीएच.डी.च्या प्रस्तावांमध्ये वारंवार येतो. पुस्तकात त्याचा एक तक्ता असतो. लेप्टिन वाढतं, वाईट. ॲडिपोनेक्टिन घटतं, वाईट. दाह वाढतो, वाईट. नेट-सेटसाठी तक्ता पाठ करणं ठीक आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न सुचत नाही. तो सुचायला हा तक्ता कसा भरत गेला आणि कुठे कुठे फाटला ते बघावं लागतं. या इतिहासात नवे रेणू सापडले हे खरंच, पण दर वेळी गाडी पुढे सरकली ती कुणीतरी 'आपण मोजतोय ते नेमकं काय?' असं विचारलं म्हणून. शेवटी हाच प्रश्न घेऊन मी तुम्हाला आपल्या मार्केट यार्डात नेणार आहे.

काटा वजन सांगतो, माल सांगत नाही

मी राहते त्या भागातलंच उदाहरण देते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात पोतं काट्यावर चढतं आणि तोलणार वजन पुकारतो. पण पन्नास किलोच्या दोन पोत्यांना एकच भाव मिळेल असं कधी नसतं. घेणारा पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली धरून बघतो. मग भाव ठरतो.

वैद्यकशास्त्र बराच काळ फक्त काट्यावर थांबलं होतं. बीएमआयचं सूत्र मुळात डॉक्टरचं नव्हेच. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटेले यांनी १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना वजन हे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं असं नोंदवलं. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी त्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. मोठ्या लोकसंख्येसाठी सोपं, स्वस्त माप म्हणून ते उपयोगी होतं आणि आजही आहे. पण त्यात स्नायू आणि चरबी एकाच पारड्यात पडतात.

पोत्यात नळी खुपसण्याचं पहिलं काम फ्रान्समधल्या मार्सेय शहरात झालं. १९४७ मध्ये जाँ वाग या डॉक्टरांनी लिहिलं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. शरीराच्या वरच्या भागात, पोटाभोवती साठणाऱ्या लठ्ठपणाला त्यांनी पुरुषी प्रकार म्हटलं, नितंब-मांड्यांवरच्या लठ्ठपणाला स्त्री प्रकार. मधुमेह आणि धमन्यांचे आजार पहिल्या प्रकारात जास्त दिसतात हे त्यांचं निरीक्षण होतं. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जवळजवळ चार दशकांनी, १९८४ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या अभ्यासाने त्याला आकड्यांचा आधार दिला. १९१३ साली जन्मलेल्या पुरुषांचा तेरा वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की हृदयविकाराचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर जास्त कामाचं ठरतं.

पण का? पोटातली चरबी अशी काय वेगळी वागते? तोपर्यंत चरबी म्हणजे शरीराचं कोठार, जादा ऊर्जा ठेवायची जागा, एवढीच समजूत होती. कोठार काही बोलत नसतं.

चरबी बोलते हे कसं कळलं

१९५३ मध्ये ब्रिटनमधल्या गॉर्डन केनेडी यांनी एक कल्पना मांडली. शरीरात चरबी किती साठली आहे याची खबर मेंदूला मिळत असावी आणि त्यावरून भूक ठरत असावी. खबर कोण देतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्याच सुमाराला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अतिशय लठ्ठ उंदरांचा एक वंश मिळाला होता, त्याला 'ओबी' म्हणतात. पुढे १९६६ मध्ये दुसरा लठ्ठ आणि मधुमेही वंश जाहीर झाला, तो 'डीबी'. दोन्ही उंदीर दिसायला जवळपास सारखे. दोघांचा आजार एकच की वेगळा?

डग्लस कोलमन यांनी ज्या पद्धतीने याचं उत्तर काढलं ते प्रत्येक नव्या संशोधकाने कागदावर आकृती काढून समजून घ्यावं. त्यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदीर एकमेकांना असे जोडले की थोडंसं रक्त इकडून तिकडे जात राहील. डीबी उंदीर सामान्य उंदराला जोडला, तर सामान्य उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. ओबी उंदीर सामान्य उंदराला जोडला, तर ओबी कमी खायला लागला. डीबी आणि ओबी जोडले, तर ओबी उपाशी मेला आणि डीबीला काहीच फरक पडला नाही. यातून तर्क असा निघतो: डीबीच्या रक्तात 'बस, पुरे' सांगणारा घटक भरपूर आहे, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. ओबीला ऐकू येतं, पण त्याच्याकडे घटकच नाही. हातात रेणू नाही, जनुक नाही, तरी कोलमन यांनी १९७३ पर्यंत संप्रेरक आणि त्याचा ग्राही असे दोन्ही भाकीत करून ठेवले होते.

रेणू सापडायला आणखी दोन दशकं लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधून काढलं आणि १ डिसेंबर १९९४ च्या 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते जनुक मेदपेशींत काम करत होतं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन नाव मिळालं. कोठार बोलतं हे सिद्ध झालं. खरं तर वर्षभर आधी, १९९३ मध्ये, गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने लठ्ठ प्राण्यांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू तयार होतो आणि त्याचा इन्शुलिनच्या कामात अडथळा येतो हे दाखवलं होतं. म्हणजे चरबी बोलते आणि कधी कधी भांडणही लावते.

लेप्टिनचा पहिला धडा

१९९५ मध्ये ॲमजेन कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी रॉकफेलर विद्यापीठाला दोन कोटी डॉलर दिले. अपेक्षा सरळ होती. लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी असणार, ते टोचलं की वजन उतरणार.

१९९६ मध्ये रॉबर्ट कॉन्सिडाइन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या रक्तात लेप्टिन मोजलं. सामान्य वजनाच्या १३६ जणांत सरासरी ७.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, लठ्ठ १३९ जणांत ३१.३. कमी कुठलं, चौपटीहून जास्त! बहुतेक लठ्ठ माणसं ओबीसारखी नव्हती. संप्रेरक होतं, पण त्याचा परिणाम होत नव्हता. याला आपण लेप्टिन-रोध म्हणतो. १९९९ मध्ये बाहेरून लेप्टिन देण्याच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा वजनातला फरक माफक निघाला.

अपवाद मात्र सापडले. १९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं नोंदवली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ बनतच नव्हतं. लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर त्यांच्यातल्या मुलीची भूक आणि वजन दोन्ही उतरलं.

मग हृदयाशी याचा संबंध काय? लेप्टिन मेंदूतून अनुकंपी चेतासंस्थेला जागं करतं. त्यामुळे मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो, रक्तदाब चढतो. आता प्रश्न असा की लठ्ठ माणसाचा रक्तदाब लेप्टिनमुळे वाढतो की नुसत्या वजनामुळे? २०१४ मध्ये 'सेल'मध्ये आलेल्या अभ्यासाने या अपवादांचाच उपयोग करून घेतला. लेप्टिन किंवा त्याचा ग्राही नसलेले उंदीर प्रचंड लठ्ठ असूनही त्यांचा रक्तदाब त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. ज्या माणसांत जन्मतः असा दोष आहे त्यांचाही रक्तदाब लठ्ठपणाच्या मानाने कमी होता. म्हणजे वजन तेच, पण संदेश नाही, तर परिणामही नाही. इथे एक गंमत लक्षात घ्या. लेप्टिन-रोधात भूक आवरण्याचा संदेश बोथट होतो, पण रक्तदाब वाढवणारा संदेश बऱ्याच अंशी चालूच राहतो. 'रोध' हा शब्द प्रस्तावात लिहाल तेव्हा कुठल्या परिणामाचा रोध, ते लिहायला विसरू नका.

ॲडिपोनेक्टिन : नायकाची दुसरी बाजू

१९९५-९६ या दोन वर्षांत चार वेगवेगळ्या गटांनी मेदपेशींतून येणारं एकच प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं आणि त्याला चार वेगळी नावं दिली. पुढे टिकलेलं नाव मात्र ॲडिपोनेक्टिन. हे रक्तात मायक्रोग्रॅमच्या पातळीवर असतं, म्हणजे लेप्टिनच्या कित्येक पट. १९९९ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या युजी मात्सुझावा यांच्या गटाने एक उलटी गोष्ट दाखवली. बनतं चरबीत, पण चरबी वाढली की हे घटतं.

त्याच गटाने हेही दाखवलं की ॲडिपोनेक्टिन असेल तर मोनोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला कमी चिकटतात. धमनीत चरबीयुक्त थर साठण्याची सुरुवात या चिकटण्यातूनच होते. त्यामुळे ॲडिपोनेक्टिन हा हृदयाचा राखणदार ठरला. २००४ मध्ये टोबियास पिशॉन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'जामा'त आला. १८,२२५ अमेरिकी पुरुषांचा सहा वर्षं पाठपुरावा होता, त्यात २६६ जणांना हृदयविकाराचा झटका आला. ॲडिपोनेक्टिन सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्शात, सर्वांत कमी असलेल्यांच्या तुलनेत जोखीम ०.३९ पट होती. इतका ठसठशीत आकडा दिसला की कुणालाही वाटेल, आता औषध हाती आलंच.

आणि पुढच्याच वर्षी तक्ता फाटला. २००५ मध्ये डेन्मार्कच्या कॅरोलिन किस्टॉर्प आणि सहकाऱ्यांनी हृदय निकामी होत चाललेल्या १९५ रुग्णांत ॲडिपोनेक्टिन मोजलं. इथे ज्यांचं ॲडिपोनेक्टिन जास्त, त्यांच्यात मृत्यू जास्त होते. राखणदार खूप दिसायला लागले, तिथेच घर कोसळत होतं.

याचा अर्थ लावायला वेळ लागला. हृदयावर ताण आला की त्यातून नॅट्रियुरेटिक पेप्टाइड स्रवतात आणि ते मेदपेशींना जास्त ॲडिपोनेक्टिन बनवायला लावतात, असं पुढे दिसलं. आजारात शरीर झिजलं की चरबी कमी होऊनही ते वाढतं. म्हणजे निरोगी माणसात कमी ॲडिपोनेक्टिन हे बिघडलेल्या चरबीचं चिन्ह असू शकतं, तर आजारी माणसात जास्त ॲडिपोनेक्टिन हे थकलेल्या हृदयाचं. रेणू तोच, पण ज्याच्यात मोजला तो माणूस बदलला की अर्थ बदलतो.

मग ॲडिपोनेक्टिन स्वतः हृदय वाचवतं का? हे तपासायला मेंडेलियन रँडमायझेशन नावाची पद्धत वापरली गेली. कल्पना सोपी आहे. काही लोकांना जन्मतःच अशी जनुकरूपं मिळतात की त्यांचं ॲडिपोनेक्टिन आयुष्यभर थोडं जास्त राहतं. ही वाटणी सोडतीसारखी असते, माणसाच्या आहाराशी किंवा पगाराशी तिचा संबंध नसतो. ॲडिपोनेक्टिन खरंच वाचवत असेल तर या लोकांत हृदयविकार कमी दिसायला हवा. २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात तसा आधार मिळाला नाही. म्हणजे कमी ॲडिपोनेक्टिन धोक्याची खूण म्हणून कामाचं आहे, पण धोक्याचं मूळ तेच आहे असं म्हणता येत नाही. धूर दिसला की आग आहे हे कळतं, पण पंख्याने धूर घालवून आग विझत नाही.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक आपण सगळे मुलाखतीत धडाधड सांगतो. तो इतक्या महागात कसा पडतो हे या एका रेणूच्या वीस वर्षांत दिसतं.

दरम्यान पुण्यात काय चाललं होतं

आता रास्ता पेठेतल्या केईएमकडे येऊ. तिथे मधुमेहाच्या रुग्णांचा अभ्यास करताना याज्ञिक आणि सहकाऱ्यांना पाश्चात्त्य पुस्तकांशी न जुळणारं चित्र दिसत होतं. रुग्ण तरुण होते आणि बरेच जण लठ्ठही नव्हते. १९९१ मध्ये के. एम. शेलगीकर, टी. डी. आर. हॉकाडे आणि याज्ञिक यांचा शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की भारतीयांत रक्तातली साखर वाढण्याचा संबंध सर्वसाधारण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या लठ्ठपणाशी आहे. जाँ वाग यांचंच बोट पुण्यात पुन्हा पोटाकडे गेलं.

पण पुणेकरांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. ही चरबी येते कधी? केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी केली, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांत ग्लुकोज आणि इन्शुलिनची लक्षणं वेगळी दिसली. हा निबंध १९९५ चा. त्याआधीच, १९९३ मध्ये, साउदॅम्प्टनच्या संशोधकांसोबत पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाली होती. गर्भधारणेच्या आधीपासून बायकांची मोजमापं, आहार, काम यांच्या नोंदी ठेवायच्या आणि मग बाळाच्या. २००३ मध्ये तिचे आकडे आले. गावातल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पोटाचा घेर, दंडाचा घेर सगळंच कमी. पण खांद्याच्या फळीखालच्या त्वचेची घडी, म्हणजे कातडीखालची चरबी, त्या मानाने सर्वांत कमी घटलेली. बाळ हडकुळं, पण चरबी राखून असलेलं. याज्ञिक यांनी त्याला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं.

आणि इथे मेदाचं संप्रेरक थेट पुण्यात येतं. २००२ मध्ये त्यांच्या गटाने पुणे शहरातली १५७ आणि लंडनमधली ६७ गोरी बाळं यांच्या नाळेतलं रक्त तपासलं. वजनं सरासरी २८०५ ग्रॅम आणि ३४७५ ग्रॅम. इतकं हलकं बाळ म्हटल्यावर लेप्टिनही खाली असायला हवं. तसं ते नव्हतं आणि इन्शुलिन तर पुण्याच्या बाळांत जास्त होतं. थोडक्यात, चरबीचा आवाज जन्माच्या क्षणीच वजनाच्या मानाने मोठा होता. चाळिशीत येणाऱ्या हार्ट ॲटॅकचं सगळं खापर वडापाव आणि खुर्चीवर फोडणाऱ्यांनी यावर थोडं थांबून विचार करावा. आहार आणि बैठं काम महत्त्वाचं आहेच, पण गोष्ट तिथे सुरू होत नाही.

आता फोटोतल्या दुसऱ्या 'वाय'कडे बघा. जॉन युडकिन हे काही योगायोगाने उभे राहिलेले पाहुणे नव्हते. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं होतं की माणसाची कातडीखालची चरबी इंटरल्युकिन-६ हा दाहाचा संदेश रक्तात सोडते. रक्तातल्या एकूण इंटरल्युकिन-६ पैकी सुमारे एक तृतीयांश चरबीतून येत असावं असा अंदाज पुढे रूढ झाला. १९९९ मध्ये त्यांनी पुढची कडी जोडली. हा संदेश यकृतात पोचतो, यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन बनवतं आणि निरोगी दिसणाऱ्या माणसातही लठ्ठपणा, इन्शुलिन-रोध आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा बिघाड एकत्र चालतात. म्हणजे एक 'वाय' चरबी काय बोलते ते ऐकत होता आणि दुसरा 'वाय' कुणाच्या शरीरात ती लपून बसली आहे ते शोधत होता. फोटो दोघांच्या वीस वर्षांच्या कामाचा सारांश होता.

पुढे पुण्यातच 'क्रायसिस' नावाचा अभ्यास झाला. गावातले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्तीतले असे मिळून ४४१ पुरुष. २००८ मध्ये 'डायबेटोलॉजिया'त आलेल्या निबंधात चरबी, दाह आणि साखर ही तिन्ही एकत्र तपासली आहेत. गावातले पुरुष सर्वांत सडपातळ होते, शहराकडे येताना चरबी वाढत गेली आणि दाहाच्या खुणाही तिच्या बरोबर चालताना दिसल्या.

आणखी एक तपशील. वाय-वायचा फोटो ज्या पानावर आहे, तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीचा लेख संपतो. आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या मर्यादा बदलाव्यात का, हा त्याचा विषय. समितीने जुन्या मर्यादा ठेवल्या, पण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा मानायचं ठरवलं. आता पुन्हा फोटोतला आकडा आठवा: २२.३. मर्यादा २३ वर आणली तरी याज्ञिक सुटतातच! काट्यावरची रेघ सरकवून प्रश्न थोडा हलका होतो, सुटत नाही.

मार्केट यार्डात हा प्रश्न नेला तर

आता सरावासाठी एक काल्पनिक अभ्यास करू. समजा तुम्हाला मार्केट यार्डातल्या माणसांचा विचार करायचा आहे. एकीकडे पाठीवर पोती वाहणारे हमाल, दुसरीकडे गाळ्यावर बसून हिशोब बघणारे दिवाणजी. दोन्ही गटांतून बीएमआय २२ ते २३ असलेले पुरुष निवडायचे आणि लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन, इंटरल्युकिन-६ मोजायचं. वाय-वायचा फोटो दोन माणसांऐवजी दोन गटांत काढायचा, असं समजा. कल्पना आकर्षक आहे. पण वर सांगितलेला इतिहास हाताशी धरून बघा, ती किती ठिकाणी घसरू शकते.

पहिली गोष्ट, रक्त कधी घेणार? लेप्टिन दिवसभर एकसारखं नसतं, रात्री चढतं. बाजारात बरंच काम पहाटेच सुरू होतं. ज्याची झोप आणि जेवण वेगळ्या वेळी आहे त्याचं सकाळी आठचं लेप्टिन दिवाणजींच्या सकाळी आठच्या लेप्टिनशी कसं ताडून बघणार? शिवाय उपास घडला की चरबी घटायच्या आधीच लेप्टिन झपाट्याने उतरतं. चहावर अर्धा दिवस काढणाऱ्या माणसाचं कमी लेप्टिन म्हणजे कमी चरबी, असं लगेच म्हणता येणार नाही.

दुसरी, मोजणार कुणाला? ज्याच्या छातीत दुखायला लागलं तो हमाल पोती उचलायचं काम आधीच सोडून गेलेला असतो. तुमच्यासमोर उरतात ते ज्यांच्या शरीराने टिकाव धरला ते. रोगपरिस्थितिविज्ञानात याला 'हेल्दी वर्कर इफेक्ट' म्हणतात. हमालांची हृदयं ठणठणीत आहेत असा निष्कर्ष काढून तुम्ही मोकळे व्हाल आणि गावी परत गेलेला माणूस तुमच्या तक्त्यात कुठेच नसेल. हा फक्त शास्त्राचा प्रश्न उरत नाही. कष्ट करणाऱ्याला हृदयविकार होत नाही, ही समजूत अशाच आकड्यांवर पोसली जाते आणि मग त्याची तपासणी कुणी करत नाही.

तिसरी, बरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टी. तंबाखू, उत्पन्न, झोप, आणि पुण्याचाच धडा घ्यायचा तर जन्माच्या वेळचं वजन. यातली शेवटची नोंद बहुतेकांकडे नसते.

चौथी, ॲडिपोनेक्टिन जास्त निघालं तर त्याचा अर्थ काय लावणार? निरोगी चरबी, की थकलेलं हृदय? नुसत्या संप्रेरकाच्या आकड्यावरून हे ठरत नाही. सोबत हृदयाची तपासणी हवी आणि शरीराच्या झिजेचं माप हवं. फक्त पुरुष घेतले असतील तर निष्कर्ष बायकांना लावता येणार नाहीत, कारण लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन दोन्ही बायकांत मुळातच जास्त असतात. यार्डात काम करणाऱ्या बायका कमी नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पाचवी, एकदाच रक्त घेऊन 'परिणाम' हा शब्द शीर्षकात वापरू नका. एका वेळच्या मोजणीत आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. 'संबंध' म्हणा. गाईडला शीर्षक जरा फिकं वाटेल, पण व्हायव्हामध्ये तुम्ही वाचाल.

हे सगळं वाचून हा अभ्यास करूच नये असं वाटलं का? उलट आहे. घसरण्याची प्रत्येक जागा हाच एक स्वतंत्र, करता येण्याजोगा प्रश्न आहे. पाळी बदलणाऱ्या कामगारांत लेप्टिनची दैनंदिन लय कशी असते? काम सोडून गेलेल्यांना शोधून त्यांच्यासह पाठपुरावा कसा करायचा? किट महाग असतं, पण कंबर मोजायची टेप आणि त्वचेची घडी मोजायचा चिमटा स्वस्त असतो. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत सगळ्यात मोठी बातमी अशाच चिमट्याने दिली होती.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तुम्ही निवडलेल्या रेणूसाठी आधी चार ओळी लिहा. तो कुठून येतो? मी तो कुणात आणि कधी मोजणार आहे? माझ्या समोर न आलेली माणसं कोण आहेत? आणि तो आग आहे की धूर, हे माझ्या पद्धतीने कळणार आहे का? चौथ्या ओळीचं उत्तर 'नाही' असेल तर तसंच लिहा. 'नाही' असं स्वच्छ लिहिलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला जास्त भरवशाचा वाटतो.

पुढच्या लेखात मेंडेलियन रँडमायझेशन एका सोप्या उदाहरणातून, आकडेमोडीसकट बघू. तोपर्यंत कोलमन यांचे तीन उंदीर कागदावर जोडून बघा. बाण नीट काढलेत तर लेप्टिन तुम्हालाही सापडेल.